आबाजी कवितेत आहेत की मनात?

मॅडम, नमस्कार. मी मोहाडी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. बारावी कला शाखेत आहे, सगळं शिक्षण मराठी माध्यमातून झालं. आमच्या घरी पूर्वी माग होता. आबाजी कोशाचं (टसर रेशमाचं) कापड विणायचे. ते गेल्यावर माग बंद पडला, आता बाबा धानाची शेती करतात. सराव परीक्षेत सरोजिनी नायडूंच्या ‘इंडियन वीव्हर्स’ कवितेचं अप्रिसिएशन (रसग्रहण) आलं होतं. मी लिहिलं की ही कविता विणकरांच्या हालअपेष्टांवर आहे. ते पहाटेपासून चांदणं पडेपर्यंत राबतात, राणीसाठी विणतात आणि स्वतः गरीबच राहतात. सरांनी 4 पैकी 1 गुण दिला आणि लाल पेनाने ‘अर्थ चुकला’ असं लिहिलं. वर्गात म्हणाले, कविता जन्म, लग्न आणि मरण यावर आहे, गाईडमध्ये दिलंय तेच लिहा. विणकरांची कविता विणकराच्या नातीलाच कळली नाही, असं कसं होईल?

दुसरं म्हणजे मला ग्रामरमध्ये पूर्ण गुण पडतात. व्हॉइस, डिग्री, नो सूनर दॅन, सगळं येतं. पण स्वतःच्या मनाने इंग्रजीत चार वाक्यं लिहायला बसले की हात थांबतो. बाबा म्हणतात, कवितेचा अर्थ लावून कोणाचं पोट भरलंय? त्यांना काय सांगू?

एक विद्यार्थिनी, जि. भंडारा

पोरी, आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. कवितेच्या अर्थाबाबत तुझ्या सरांचं बरोबर आहे. तू लिहिलंस तेही टाकाऊ नाही, फक्त ते उत्तरात नको त्या जागी पडलं. आणि ‘गाईडमध्ये दिलंय’ एवढंच कारण सरांनी सांगितलं असेल, तर बरोबर उत्तरामागे त्यांनी फारच लंगडं कारण दिलं असं मी म्हणेन. गाईड म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा कवितेतच असतो आणि बहुतेक वेळा तो व्याकरणात सापडतो. ज्या ग्रामरमध्ये तुला पूर्ण गुण पडतात, त्याच ग्रामरमध्ये. म्हणून तुझे पहिले दोन प्रश्न मला वेगवेगळे वाटतच नाहीत.

आता पुस्तक उघड आणि माझ्याबरोबर वाच. सरोजिनी नायडूंची ही कविता 12 ओळींची आहे. चार-चार ओळींची तीन कडवी. प्रत्येक कडव्यात पहिल्या दोन ओळींत कुणीतरी विणकरांना प्रश्न विचारतं आणि पुढच्या दोन ओळींत विणकर उत्तर देतात. बोलणारे दोन आहेत हे कशावरून? कवितेत कुठेही ‘तो म्हणाला’, ‘ते म्हणाले’ असं नाही. प्रश्नात ‘यू’ आहे आणि उत्तरात ‘वी’ आहे. दोन सर्वनामं, म्हणजे दोन आवाज. बघ, व्याकरणाने पहिलं काम इथेच केलं.

पहिल्या कडव्यात पहाट आहे, बाळाचं निळं कापड विणलं जातंय. दुसऱ्यात रात्र पडते आहे, राणीच्या लग्नातली जांभळी-हिरवी ओढणी विणली जातेय. तिसऱ्यात गार चांदणं आहे आणि मेलेल्या माणसाचं पांढरं कफन विणलं जातंय. इथवर गाईडही सांगतं. पण प्रश्नाचे शब्द नीट बघ. पहिल्या दोन कडव्यांत प्रश्न ‘व्हाय’ने सुरू होतो: इतकं आनंदी, इतकं झगमगीत वस्त्र का विणता? (पहिल्या कडव्यातल्या ‘गे’ या शब्दावर वर्गात खसखस पिकते आणि मग कुणीच ती ओळ धड वाचत नाही. 1905 मध्ये त्या शब्दाचा सरळ अर्थ ‘आनंदी, रंगीत’ असा होता. संपला विषय.) तिसऱ्या कडव्यात मात्र ‘व्हाय’ जातो आणि ‘व्हॉट’ येतो. काय विणता आहात? विचारणाऱ्याला आता कापडच ओळखू येत नाही. आधीच्या दोन्ही प्रश्नांत ‘गारमेंट’ हा शब्द होता, इथे तो नाही. रंगाचं, झळाळीचं विशेषण नाही. आणि आधी विणकरांना हाक मारताना वेळ सांगितली होती, पहाटे विणणारे, रात्री विणणारे. इथे हाकेतच त्यांची अवस्था येते: गंभीर, निःशब्द. चार ओळींच्या आत इतकं काही बदलतं तेव्हा कवी मुद्दाम काही करत असतो.

अजून एक. ‘का?’ या प्रश्नाला विणकर ‘कारण’ असं म्हणून उत्तर देतच नाहीत. ते फक्त काय विणतो ते सांगतात. त्यांचं क्रियापद तिन्ही वेळा एकच आहे, साधा वर्तमानकाळ, ‘वी वीव्ह’. तू माझ्यासमोर बसून काही विणत असतीस तर मी रोजच्या इंग्रजीत ‘व्हॉट आर यू वीव्हिंग’ असं विचारलं असतं. साधा वर्तमानकाळ आपण नेहमीच्या, कायमच्या गोष्टींसाठी वापरतो. सूर्य उगवतो, नदी वाहते, आम्ही विणतो. त्या एका काळामुळे एक दिवस पसरून अख्ख्या आयुष्याएवढा होतो. शेवटी आर्टिकल बघ. ‘अ न्यू-बॉर्न चाइल्ड’, ‘अ क्वीन’, ‘अ डेड मॅन’. अमकं बाळ नाही, तमकी राणी नाही, कुणाचंही बाळ, कुठलाही मेलेला माणूस. मराठीत आर्टिकल नसतं, म्हणून आपल्या मुलांना ते रिकाम्या जागेत भरायचं एक अक्षर वाटतं. इथे त्या एका अक्षरामुळे कविता एका गावातल्या विणकरांची न राहता माणसाच्या जन्मापासून मरणापर्यंत जाते. जन्म, लग्न आणि मरण हा अर्थ असा निघतो. तो गाईडने ठरवलेला नाही.

आता तुझ्या अर्थाकडे येऊ. तू लिहिलंस की विणकर पहाटेपासून चांदण्यापर्यंत राबतात. पहाट, रात्र, चांदणं हे तिन्ही शब्द कवितेत आहेत, म्हणजे अर्धा पुरावा तुझ्याकडे आहे. पण ‘हाल’ कुठल्या शब्दात आहेत ते दाखव. भूक आहे का? मजुरी आहे? व्यापारी, सावकार, दुखणारी पाठ? मला एकही शब्द सापडला नाही. उलट मोरपीस आहे, पक्ष्याचा निळा पंख आहे, राणीचं लग्न आहे. तुझा अर्थ धरला तर मोराचं काय करायचं ते कळत नाही. अर्थ पक्का की कच्चा हे असंच बघायचं: तो धरल्यावर किती ओळी बाहेर राहतात? जन्म-लग्न-मरण धरलं तर एकही राहत नाही. तुझ्या अर्थात सहा-सात ओळी दाराबाहेर उभ्या राहतात.

मग ते हाल आले कुठून? तुझ्या घरून आले. बंद पडलेल्या मागावरून आणि आबाजींवरून आले. यात लाजण्यासारखं काही नाही. केंब्रिज विद्यापीठातले आय. ए. रिचर्ड्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना कवींची नावं न सांगता कविता वाचायला दिल्या आणि त्यांनी काय काय अर्थ लावले ते 1929 मध्ये एका पुस्तकात मांडलं. इंग्रजी ज्यांची मायबोली होती, त्या मुलांनीही भरपूर गोंधळ घातला होता. रिचर्ड्सनी त्यांच्या अडचणींची यादी केली. त्यात अगदी पहिली अडचण ही की वाक्याचा साधा, सरळ अर्थच मुलांना लागत नव्हता. आणि पुढची एक अडचण तुझी आहे: वाचताना स्वतःच्या आयुष्यातली एखादी आठवण येते आणि ती कवितेच्या जागी जाऊन बसते. केंब्रिजच्या मुलांच्या पंगतीत बसलीस, एवढं तरी बाबांना सांग.

आपल्या भागात या कवितेवर आणखी एक हमखास चूक होते. वर्धा जवळ, सेवाग्राम जवळ, त्यामुळे विणकर म्हटलं की मुलं लगेच गांधीजी आणि खादी आणतात. ही कविता ज्या संग्रहात आली तो 1905 मध्ये लंडनला छापला गेला. गांधीजी तेव्हा दक्षिण आफ्रिकेत होते, ते भारतात परतले 1915 मध्ये. कुणी हुशारी करून म्हणेल, 1905 म्हणजे बंगालमधल्या स्वदेशी चळवळीचं वर्ष! वर्ष जुळतं खरं, पण कवितेत गिरणी नाही, विलायती कापड नाही, त्याची होळी नाही. तारीख जुळली म्हणून अर्थ जुळत नाही.

पण म्हणून आबाजींना कवितेबाहेर काढू नकोस. विणकराच्या नातीला जे दिसेल ते गाईड लिहिणाऱ्याला दिसणार नाही, फक्त ते शब्दाशी जोडायला हवं. तिसऱ्या कडव्यातला ‘स्टिल’ घे. स्तब्ध, निःशब्द बसून विणणारे विणकर. तू लहानपणी माग चालताना ऐकला असशील तर मला सांग, माग कधी निःशब्द असतो का? धोटा इकडून तिकडे जातो, फणी आपटते, पायाखाली पट्ट्या वाजतात. हलल्याशिवाय विणताच येत नाही. म्हणजे ही निःशब्दता मागाची नाही, माणसांची आहे. हात चालू आहेत आणि मनं थांबली आहेत. मी इतकी वर्षं वर्गात ही ओळ वाचली, पण ‘शांतपणे’ म्हणून पुढे जाणारेच शिक्षक मला भेटले. तू थांबू शकतेस, कारण तुझ्या घरात माग होता.

पहिल्या कडव्यातला ‘हॅल्सियन’ही तसाच. मुलं तो ग्रीक पुराणातला कुठलासा पक्षी म्हणून पाठ करतात. ग्रीक कथा आहे खरी, पण हॅल्सियन म्हणजे खंड्या. पांढऱ्या छातीच्या खंड्याच्या शास्त्रीय नावातसुद्धा तोच शब्द आहे. भंडारा जिल्ह्यात राहतेस, मामा (माजी मालगुजारी) तलाव काही लांब नसेल. पाण्यावर झुकलेल्या फांदीवरून तो सूर मारतो तेव्हा पंखाचा जो निळा चमकतो, तो निळा त्या बाळाच्या कापडाचा आहे. लंडनच्या वाचकाला तो शब्दकोशात शोधावा लागला असेल, तुला नाही.

आणि आता खरी गोष्ट. तू जे लिहिलंस ते उलटं करून बघ. ‘कविता विणकरांच्या हालांवर आहे’ असं नको. ‘या कवितेत विणकरांचे हाल कुठेच नाहीत’ असं लिही. ती दुसऱ्यांचा जन्म, दुसऱ्यांचं लग्न, दुसऱ्यांचं मरण विणणारी माणसं आहेत, आणि त्यांच्या स्वतःच्या घरातलं बाळ, लग्न, मरण एकाही ओळीत नाही. त्यांना चेहरा नाही, गाव नाही, नाव नाही. सरोजिनीबाई हैदराबादच्या सुशिक्षित घरातल्या, इंग्लंडमध्ये शिकलेल्या. एडमंड गॉस या इंग्रज समीक्षकाने त्यांना सांगितलं होतं की विलायती पक्ष्यांवर लिहिणं सोडा आणि आपल्या देशाचं लिहा. त्यांनी पालखीचे भोई, कोळी, गारुडी, विणकर यांच्यावर लोकगीतासारख्या कविता लिहिल्या. सुंदर लिहिल्या, माझ्या आवडत्या आहेत. पण त्यांनी माग बघितला तो अंगणातून. तुझ्यासारखं घरातून बघणारं कुणी असतं तर चौथं कडवं लिहिलं गेलं असतं का, हा प्रश्न विचारायचा अधिकार तुला आहे. हे मत झालं, आणि चांगलं मत आहे, कारण ते कवितेत काय आहे हे आधी कबूल करतं आणि मग काय नाही ते दाखवतं.

परीक्षेत त्याला जागाही आहे. अप्रिसिएशनचे मुद्दे तुला पाठ असतील: कविता, कवी आणि शीर्षक, मध्यवर्ती कल्पना, शैली, भाषेचे अलंकार, संदेश आणि शेवटी स्वतःचं मत. मध्यवर्ती कल्पनेत जन्म, लग्न, मरण लिही आणि त्यामागे ‘व्हाय’चा ‘व्हॉट’ झाला हा एक पुरावा दे, एवढा पुरे. अलंकारात उपमा आहेतच, दोन-दोन ओळींचं यमक आहे, त्यात वेळ घालवू नकोस. आबाजी शेवटच्या मुद्द्यात. दोन वाक्यं. संदेशाच्या मुद्द्याबद्दल माझं मत विचारशील तर प्रत्येक कवितेतून बोध पिळून काढायची ही सवय मला आवडत नाही. विणकरांनी कुणाला उपदेश केलेला नाही. पण गुण आहेत, तेव्हा ‘आयुष्याचे सगळे टप्पे एकाच मागावर विणले जातात’ असं काहीतरी लिहून पुढे जा.

सरांशी वाद घालू नकोस आणि गेलेले गुण परत मागू नकोस, ती सराव परीक्षा होती. मधल्या सुट्टीत पुस्तक घेऊन जा आणि विचार, ‘सर, तिसऱ्या कडव्यात व्हाय का नाही?’ ज्याला विषय आवडतो त्या माणसाला असा प्रश्न आवडतोच. साठ-सत्तर वह्या तपासताना ‘अर्थ चुकला’ एवढंच लिहायला वेळ मिळतो, हेही लक्षात घे.

दुसरा प्रश्न. ग्रामर येतं पण लिहिता येत नाही. खरं सांगायचं तर तुला ग्रामर अर्धंच येतं, आणि त्यात तुझा दोष नाही. परीक्षेतलं वाक्य नेहमी दुसऱ्याने दिलेलं असतं. तू त्याचं रूप पालटून देतेस, ॲक्टिव्हचं पॅसिव्ह, ‘ॲज सून ॲज’चं ‘नो सूनर दॅन’. या दोन रूपांपैकी कुठलं कधी वापरावं हे कुणीच विचारत नाही. पण तोच तर व्याकरणाचा गाभा आहे.

व्हॉइसच घे. ग्रामपंचायतीच्या फलकावर ‘नालीचे बांधकाम करण्यात आले’ असं लिहिलेलं असतं. कोणी केलं? किती केलं? वाक्यात कर्ताच नाही. पॅसिव्ह व्हॉइस कर्त्याला लपवतो, किंवा कर्ता महत्त्वाचा नसतो तेव्हा त्याला बाजूला ठेवतो. पुढच्या वेळी व्हॉइस बदलताना स्वतःला विचार, या वाक्यातून माणूस गायब झाला तर कोणाचा फायदा? उतारा वाचताना मग पॅसिव्ह दिसला की तू थबकशील. ‘नो सूनर दॅन’चंही तसंच. ‘पाऊस थांबताच रोवणी सुरू झाली’ हे साधं सांगणं झालं, त्याला ‘ॲज सून ॲज’ पुरतं. ‘पाऊस थांबतो न थांबतो तोच बाया बांधीत उतरल्या’ यात घाई आहे, त्याला ‘नो सूनर’ शोभतं. घाई नसताना ते वापरलं की वाक्य नटून बसल्यासारखं दिसतं.

व्याकरण आणि अर्थ हे दोन वेगळे तास आहेत, हे शाळेच्या वेळापत्रकाचं म्हणणं आहे, भाषेचं नाही. आपल्याच भाषेत बघ. मलकापुरात जन्मलेल्या कवी बी यांची ‘चाफा बोलेना’ तू गाणं म्हणून ऐकली असशील. तिच्या अर्थावर जाणकारांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. पण त्यात बोलतंय कोण, हे पहिल्याच कडव्यातल्या ‘गेले’ या क्रियापदाने सांगून टाकलंय. कवी पुरुष, पण बोलणारी बाई. ‘गेलो’ असतं तर सगळी कविता फिरली असती. हेच इंग्रजीत ‘आय वेन्ट’ म्हटलं की बाई की पुरुष कळतच नाही, कारण तिथलं क्रियापद लिंग सांगत नाही. उलट इंग्रजी आर्टिकलमधून जे सांगते ते मराठीला दुसऱ्या वाटेने सांगावं लागतं. प्रत्येक भाषा आपलं गुपित वेगळ्या ठिकाणी ठेवते आणि व्याकरण शिकायचं ते ती जागा माहीत व्हावी म्हणून.

जुन्या शास्त्रीबुवांना हे ठाऊक होतं. आर्या किंवा श्लोक शिकवताना ते आधी अन्वय लावायला सांगायचे: कर्ता कोणता, क्रियापद कोणतं, विशेषण कुणाचं, सगळं गद्यासारखं ओळीत मांडायचं. अर्थ त्यानंतर. मराठीच्या व्याकरणाचा सगळ्यात जुना विचार महानुभाव पंथातल्या भीष्माचार्यांच्या ‘पंचवार्तिका’त मानला जातो, आणि तो चक्रधरस्वामींच्या सूत्रांचा अर्थ नीट लागावा या खटपटीतून आला. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर हे त्या पंथाचं मोठं ठाणं. म्हणजे व्याकरण लावून अर्थ काढणं ही काही इंग्रजांनी आणलेली शिक्षा नाही, आपल्या वऱ्हाडाच्या मातीत ते सातशे वर्षांपूर्वीपासून चालत आलंय. इंग्रजी कविता वाचतानाही अन्वय लाव. ‘हॅल्सियन वाइल्ड’मध्ये विशेषण नामाच्या मागे गेलंय, ‘मूनलाइट चिल’मध्येही, केवळ यमकासाठी. शब्द जागेवर आणून बसव, अर्धी भीती तिथेच जाते.

आता लिहिण्याचं. तुझा हात थांबतो त्याचं एक कारण मी सांगू शकते. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे आपण अख्खं वाक्य मनात जुळवून मग बोलतो. इंग्रजीत कर्ता आणि लगेच क्रियापद लागतं. तू मनात मराठी वाक्य शेवटपर्यंत नेतेस, मग उलटं वळायला जागा उरत नाही. तर कागदावर आधी फक्त दोन शब्द लिही, कोण आणि काय केलं. ‘माय ग्रँडफादर वोव्ह.’ बाकीचं, काय, कुठे, कधी, त्याच्या मागून येऊ दे. कर्ता कधी गाळू नकोस. मराठीत ‘काल भंडाऱ्याला गेले होते’ एवढ्यात तू गेलीस हे कळतं, इंग्रजीला ‘आय’ लागतोच. आणखी एक खोडी: ‘त्याने भाकरी खाल्ली’ यात आपलं क्रियापद भाकरीच्या लिंगाप्रमाणे बदलतं. इंग्रजी क्रियापद असं खाण्याच्या वस्तूप्रमाणे बदलत नाही, ते फक्त कर्त्याशी बोलतं. या एका सवयीमुळे मराठी मुलांची कितीतरी वाक्यं बिघडतात.

विषय शोधत बसू नकोस. ‘माय फेव्हरिट हॉबी’ नको, त्यात तुझ्याकडे सांगायला काही नाही. आजी असेल तर तिला विचार, कोसे उकळून धागा कसा काढायचे, कोशाला कुठला रंग चांगला चढायचा, करवतकाठी लुगड्याच्या काठाला दात कसे पडतात. ते साध्या वर्तमानकाळात लिही, एक काम, एक वाक्य. मग तेच भूतकाळात लिही: आबाजी असं करायचे. दोन्ही वाचून बघ, पहिल्यात माग चालू असेल आणि दुसऱ्यात बंद. टेन्स म्हणजे काय हे मला याहून चांगलं शिकवता येणार नाही. चुका होतील. सरांना दाखव, किंवा मला पाठव.

बाबांचा प्रश्न मी हलका समजत नाही. धान पिकवणाऱ्या माणसाला पोटाचं विचारायचा हक्क आहे. त्यांना कवितेचं काही सांगू नकोस. त्यांच्याकडे पीक विम्याचा नाहीतर कर्जाचा कागद असेल तो काढायला सांग, आणि त्यात ‘देण्यात येईल’ आणि ‘देता येईल’ यांतलं कुठे काय लिहिलंय ते दोघं मिळून वाचा. पहिल्यात देणं भाग आहे, दुसऱ्यात देणाऱ्याच्या मर्जीवर आहे. इंग्रजी कागदात तेच ‘शॅल’ आणि ‘मे’ असतं, तुझ्या पुस्तकात त्याला मॉडल ऑक्झिलरी म्हणतात आणि तू त्यात पूर्ण गुण मिळवतेस. कवितेत ‘व्हाय’चा ‘व्हॉट’ झालेला ज्या डोळ्याला दिसतो, त्याला कागदातला ‘मे’ही दिसतो.

गाईड फेकू नकोस, पैसे देऊन घेतलंय. पण कविता आधी स्वतः वाचायची, अन्वय लावायचा, अर्थ पेन्सिलीने पुस्तकात लिहायचा आणि मगच गाईड उघडायचं. जुळलं तर ठीक. नाही जुळलं तर कुठल्या ओळीवरून वाट फुटली ते शोध. याच पुस्तकात दिलीप चित्र्यांची, रात्रीच्या लोकलने घरी परतणाऱ्या वडिलांवरची कविता आहे. पुढचा अर्थ तिचा लाव. तिच्यात सुरुवातीला बोलणाऱ्याला वडील दिसतात ते गाडीतले, मग घरातले. मुलगा गाडीत नाही, तर त्याला ते कसे दिसले, एवढाच प्रश्न घेऊन बस. आणि या वेळी स्वतःच्या बाबांना शेवटच्या मुद्द्यापर्यंत थांबायला सांग.